उसकी बेटा : एका मराठी परिचारिकेच्या हिंदी सर्वनामांचं प्रकरण

मराठी माध्यमातून शिकलेली, नर्सिंग पूर्ण करून लखनऊच्या एका रुग्णालयात रुजू झालेली ही मुलगी. शाळेत पाचवीपासून हिंदी होतं, मार्क बरे पडायचे, मालिका आणि सिनेमे सगळे कळायचे. बोलायची वेळ मात्र कधी आलीच नव्हती. नोकरी लागली आणि थोड्याच दिवसांत तिच्याबद्दल दोन तक्रारी इन्चार्ज सिस्टरपर्यंत पोचल्या. पहिली, ही मुलगी वयस्कर पेशंटशी उर्मटपणे बोलते. दुसरी, ड्यूटी बदलताना ओव्हर देते, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सांगते, तेव्हा ती नेमकं कुणाबद्दल सांगतेय हे समोरच्या सिस्टरला कळत नाही.

स्वभावाने ती अतिशय मऊ आहे. उर्मटपणाच्या तक्रारीने ती रडकुंडीला आली होती. मी मराठी भाषकांना हिंदी शिकवते, ओळखीतून तिचा फोन आला आणि आमचं काम सुरू झालं. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण तिच्या चुका तिच्या एकटीच्या नाहीत. मराठीत विचार करून हिंदी बोलणारा जवळपास प्रत्येक जण ह्याच वाटेने चुकतो, आणि आपली शिकवण्याची पद्धत त्याला त्या वाटेवरून परत आणत नाही.

तक्ता पाठ होता

पहिल्याच दिवशी मी तिला हिंदी सर्वनामांचा तक्ता लिहायला सांगितला. मैं, हम, तू, तुम, आप, यह, वह, ये, वे. खाली मुझे, मेरा, मैंने, उसे, उसका, उसने. एकही चूक नाही. ‘उन्होंने’सुद्धा बरोबर. म्हणजे माहितीची अडचण नव्हती.

मग तिला सांगितलं, दिवसभरात वॉर्डात काय झालं ते कुणाचंही नाव न घेता हिंदीत बोल आणि ते रेकॉर्ड करून पाठव. त्या रेकॉर्डिंगमधलं एक वाक्य मी कागदावर उतरवून घेतलं, कारण अख्खं प्रकरण त्यात होतं:

‘मैं दादी को गोली दिखाई। उसकी बेटा बोला, उसने घर से दूसरी लाई है।’

बरोबर हिंदी असं: ‘मैंने दादीजी को गोली दिखाई। उनका बेटा बोला, वह घर से दूसरी लाया है।’

आता तिच्या मनातलं मराठी वाक्य शेजारी ठेवा: ‘मी आजीला गोळी दाखवली. तिचा मुलगा बोलला, त्याने घरून दुसरी आणली आहे.’ मराठीत ह्या वाक्यात काहीही खटकत नाही. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, म्हणून ‘मैं’ला लागला नाही. ‘तिचा’मध्ये आजी बाई आहे हे दिसतं, ते दाखवायला ‘उसकी’ आली. ‘त्याने आणली’मध्ये ‘ने’ आहे, म्हणून ‘उसने लाई’. तिन्ही चुका मराठीच्या नियमाने अगदी शिस्तीत झालेल्या आहेत. ज्या मुलीच्या चुका इतक्या नियमाने होतात तिला तक्ता पुन्हा पाठ करायला लावणं म्हणजे तिचा वेळ घालवणं. तिला दाखवायला हवं होतं की दोन भाषा नेमक्या कुठे फुटतात.

उर्मटपणाची तक्रार

ही आधी घेतली, कारण तिची नोकरी त्यात अडकली होती.

रेकॉर्डिंगमध्ये ती वयस्कर पेशंटना सरसकट ‘तुम’ म्हणत होती. ‘बाबूजी, तुम बैठो’, ‘तुम दवा लो’. तिच्या कानाला ‘तुम’ म्हणजे ‘तुम्ही’. शब्द एकाच कुळातले, क्रियापदाचं वळणही सारखं: तुम्ही बसा, तुम बैठो. त्यामुळे ती मनापासून आदराने बोलत होती, आणि ऐकणाऱ्याला मात्र ही पोरगी आपल्याला बरोबरीच्या मित्रासारखं हाक मारतेय असं वाटत होतं. लखनऊसारख्या ठिकाणी, जिथे घरातल्या लहान मुलांनाही कित्येकदा ‘आप’ म्हणतात, तिथे सत्तरीच्या माणसाला अनोळखी मुलीने ‘तुम’ म्हणणं चांगलंच टोचतं.

तिला मी इतकंच सांगितलं की एक पायरी वर सरक. मराठीत जिथे ‘तुम्ही’ येतं तिथे ‘आप’. मराठीत जिथे ‘तू’ येतं, म्हणजे बरोबरीच्या मैत्रिणीला, धाकट्याला, तिथे ‘तुम’. हिंदीतलं ‘तू’ सध्या तोंडातून काढूच नको. हिंदीत ‘तू’ देवाला, फार जवळच्या माणसाला किंवा भांडणात वापरतात, आणि ह्यातलं नेमकं कोणतं चाललंय हे कळायला त्या भाषेत बराच काळ राहावं लागतं. वॉर्डातल्या लहान मुलाला ती ‘तू रो मत’ म्हणायची. आपल्याकडे ‘तू रडू नकोस’ ह्यात माया असते. परक्या आईसमोर तिच्या मुलाला हिंदीत ‘तू’ म्हटलं की ती माया पोचेलच असं नाही.

पायरीच्या ह्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो मराठी माणसाने मनाशी नीट ठेवावा. आपण वडिलांना बहुतेक घरांत ‘तुम्ही’ म्हणतो, पण आई-आजीला ‘तू’. त्यांच्याबद्दल बोलताना ‘ती आली’, ‘तिचा मुलगा’ म्हणतो, आणि त्यात अनादराचा लवलेश नसतो. ही सवय हिंदीत नेली की आजींच्या तोंडावर ‘तुम’ आणि पाठीमागे ‘उसकी’ जातं. ओव्हर देताना तिच्या तोंडी आजोबांसाठी ‘उनको’ होतं, पण आजींसाठी ‘उसको’. इन्चार्ज सिस्टरच्या कानाने हे टिपलं होतं, कारण मात्र कुणालाच कळलं नव्हतं. ‘वयस्कर बाई, मग ती कुणीही असो, समोर आप आणि मागे उन’, एवढं तिने वहीत लिहून घेतलं.

‘आप’ आलं तरी क्रियापद मागे राहतं, हे पुढचं दुखणं. ‘आप बैठो’, ‘आप लो’ असं ती म्हणू लागली. असं बोलणारे हिंदी भाषकही भेटतात, त्यामुळे ही काही आकाश कोसळणारी चूक नाही. पण जिचं काम आजारी माणसांशी आहे तिने ‘बैठिए’च म्हणावं असं माझं स्पष्ट मत आहे. मी तिला सर्वनाम सुटं शिकवणं तिथेच थांबवलं. ‘आप’ एकटं शिकायचं नाही. आप आइए, आप बैठिए, आप लेट जाइए, हाथ दीजिए, दवा लीजिए, पानी पीजिए, आराम कीजिए अशी तिच्या रोजच्या कामातली वाक्यं अख्खीच्या अख्खी तोंडात बसवायची. दीजिए, लीजिए, पीजिए, कीजिए ही चार रूपं नेहमीच्या नियमाने होत नाहीत आणि नेमकी तीच वॉर्डात सर्वांत जास्त लागतात, म्हणून त्यांची घोकंपट्टी करण्यात मला काही गैर वाटलं नाही.

आम्ही की आपण

एक प्रसंग तिने सांगितला. पेशंटला एक्स-रेला न्यायचं होतं. ती त्याच्या मुलाला म्हणाली, ‘हम अभी एक्स-रे के लिए जाएँगे।’ तिच्या मनात ‘आम्ही’ होतं, म्हणजे ती आणि वॉर्डबॉय. मुलाने ते ‘आपण’ असं घेतलं, पिशवी उचलली, चपला घातल्या आणि स्ट्रेचरमागे निघाला. खाली त्याला आत सोडेनात. तो चिडला, की सिस्टरच म्हणाली चला म्हणून.

मराठीत ऐकणाऱ्याला धरून बोलायचं असेल तर ‘आपण’ आणि त्याला वगळून बोलायचं असेल तर ‘आम्ही’. हा भेद आपण जन्मापासून इतका सहज करतो की तो आहे हेही लक्षात येत नाही. हिंदीत दोन्हीला ‘हम’. बोलीभाषेत अनेक ठिकाणी ‘अपन’ म्हणतात, मध्य प्रदेशात तर सर्रास, पण लखनऊच्या रुग्णालयात ते चालणार नाही. शिवाय पूर्वेकडच्या हिंदी पट्ट्यात, पूर्व उत्तर प्रदेशात नि बिहारात, एकटा माणूस स्वतःलाही ‘हम’ म्हणतो. म्हणजे एखादा पेशंट ‘हमको दर्द है’ म्हणाला तर तो एकट्याचंच दुखणं सांगतोय. हे तिला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही उमगलं नव्हतं.

तर मग भेद दाखवायचा कसा? शब्दात नाही तर वाक्यात. ‘आप यहीं रुकिए, हम लोग इन्हें ले जाएँगे।’ किंवा ‘आप भी साथ चलिए।’ ऐकणाऱ्याचं काय करायचं ते ‘आप’ घालून सरळ सांगायचं, ‘हम’वर सोडायचं नाही. तिने हे फार लवकर उचललं, कारण अडचण डोळ्यांसमोर घडलेली होती.

तिचा आणि उसका

आता मुख्य गाठ. ‘उसकी बेटा’, ‘उसकी पति’, ‘उसका बहन’. तिला वाटत होतं आपण लिंगात चुकतो, म्हणून ती नामांची लिंगं पाठ करत बसली होती. पण ‘बेटा’ पुल्लिंगी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. गोची वेगळीच होती.

‘तिचा मुलगा’ हा शब्द फोडून बघा. ‘ति’ सांगतो की मालक बाई आहे. ‘चा’ सांगतो की मुलगा पुल्लिंगी आहे. मराठीत दोन्ही गोष्टींना स्वतंत्र जागा आहे. हिंदीत ‘उस’ला लिंगच नाही, तो पुरुषही असेल, बाईही असेल, टेबलही असेल. उरली एकच जागा, ‘का-की-के’ची, आणि ती नंतर येणाऱ्या नामाची असते. मराठी मन मालकाचं लिंग सांगायला धडपडतं, त्याला जागा सापडत नाही, मग ते ‘का’च्या जागी ‘की’ घुसवतं.

इथे मराठीच उपयोगी पडते, आणि शिकवणारे हे वापरत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्याला सामान्यरूप माहीत असतं. ‘तो’ला ‘ला’ लावताना आपण ‘तोला’ म्हणत नाही, ‘त्याला’ म्हणतो. हिंदीतही ‘वह’ला ‘को’ लागत नाही, ‘उस’ला लागतो. तेव्हा जुळणी ‘तो’ आणि ‘वह’ अशी न करता सामान्यरूपांची करायची. ‘त्या’ आणि ‘ति’ दोन्हींच्या जागी ‘उस’. ‘त्यां’च्या जागी ‘उन’. ‘ह्या’ आणि ‘हि’च्या जागी ‘इस’, ‘ह्यां’च्या जागी ‘इन’. ‘कोणा’च्या जागी ‘किस’. पुढचा प्रत्यय तसाच ठेवायचा: ‘ला’चा ‘को’, ‘चा’चा ‘का’, ‘ची’चा ‘की’. मग तिचा मुलगा म्हणजे उस-का बेटा, त्याची बहीण म्हणजे उस-की बहन, त्यांचा मुलगा म्हणजे उन-का बेटा. तिने हे कागदावर रेघ मारून फोडलं आणि म्हणाली, ‘म्हणजे ति गेला, बाकी तसंच.’ नेमकं तेच.

पूर्ण तसंच नाही, कारण मराठीतलं ‘चं’ हिंदीत कुठेच जात नाही. हिंदीत नपुंसकलिंग नाही. तिचं औषध, उसकी दवा. त्याचं पोट, उसका पेट. इथे नामाचं लिंग शिकण्याला पर्याय नाही, ते ज्या-त्या शब्दाबरोबर शिकावं लागतं.

लिंग सर्वनामातून गेलं तर ते कळणार कुठून? बऱ्याचदा क्रियापदातून. आपल्याकडे ‘तो येईल, ती येईल’ ह्यात क्रियापद एकच, भेद सर्वनामात. हिंदीत ‘वह आएगा, वह आएगी’, सर्वनाम एकच, भेद क्रियापदात. पण ‘उसने दवा ली’ म्हटलं की तेही नाही. ‘ली’ दवाशी जुळलेलं आहे, घेणारा पुरुष की बाई हे वाक्य सांगतच नाही. ओव्हरमधली अर्धी संदिग्धता इथून येत होती. आपल्या ‘त्याने’ आणि ‘तिने’च्या भरवशावर ती दोन पेशंटची हकीकत एका दमात सांगायची आणि हिंदीत दोन्ही ‘उसने’ व्हायचे. उपाय व्याकरणाचा नव्हताच. ओव्हर देताना दुसरा माणूस आला की सर्वनाम सोडायचं आणि बेड नंबर घ्यायचा. मूळ हिंदी भाषक सिस्टर तेच करतात, तिने लक्ष देऊन ऐकलं तेव्हा तिलाही ते दिसलं.

उलट बाजूनेही हीच गडबड. सीनियर सिस्टर म्हणाली, ‘उसे बुलाइए।’ दाराशी वॉर्डबॉय आणि आयाबाई दोघं उभे. मराठीत ‘त्याला’ किंवा ‘तिला’ने निकाल लागला असता. हिंदीत बोलणारा नजर, हात, नाहीतर ‘इसे’ आणि ‘उसे’मधलं अंतर वापरतो. न कळल्यास ‘किसको?’ विचारावं, त्यात काही कमीपणा नाही.

ने

तिची चूक ऐकून मराठी घर ओळखता येतं. ‘डॉक्टर ने देखा’ बरोबर, ‘उसने पूछा’ बरोबर, आणि ‘मैं देखा’, ‘तुम क्या किया’ चूक. मराठीत त्याने, तिने, त्यांनी असं होतं, पण मी, तू, आम्ही, तुम्ही तसेच राहतात: मी पाहिलं, तुम्ही केलं. हिंदीत कुणाचीच सुटका नाही. मैंने, तूने, हमने, तुमने, आपने. ‘उन’चं मात्र ‘उन्होंने’, ‘इन’चं ‘इन्होंने’. हे ‘त्यांनी’शी जोडून दिलं की लक्षात राहतं.

नियम सांगितला आणि अपेक्षेप्रमाणे काही दिवस सगळीकडे ‘ने’ झाला. ‘मैंने गई’, ‘मैंने जा रही हूँ’. हे मी मुद्दाम टोकलं नाही. नवा प्रत्यय तोंडात बसताना आधी तो सांडतोच. मग हळूहळू आवरलं: काम पुरं झालेलं असेल आणि क्रियापदाला कर्म घेता येत असेल तरच ‘ने’. चाललेल्या कामाला नाही, पुढच्या कामाला नाही, जाणं-येणं-झोपणं ह्यांना नाही.

खरी मजा अपवादांत आहे, कारण दोन्ही भाषांचे अपवाद वेगळे. मराठीत तो म्हणाला, तो शिकला, तो पाणी प्यायला, ‘ने’ नाही. हिंदीत उसने कहा, उसने सीखा, उसने पानी पिया. उलट मराठीत त्याने आणलं, हिंदीत वह लाया. बोलला आणि विसरला ह्यांत दोघींचं एकमत: वह बोला, वह भूल गया. ही एवढी यादी तिने ड्यूटीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली. ‘वह कहा’ ही चूक सर्वांत चिवट निघाली, कारण पेशंट काय म्हणाला हे तिला दिवसभर सांगावं लागतं. त्यावर तोडगा म्हणून ती काही काळ ‘बोला, बोलीं’वरच राहिली. मला तो शहाणपणाचा मार्ग वाटला.

‘मला’च्या जागी ‘मुझे’ तिला सहज येत होतं. ‘मेरेको’ अधूनमधून यायचं, ते लिहिताना टाळायला सांगितलं आणि पुढे गेलो. ‘मी जायला पाहिजे’वरून ‘मैं जाना चाहिए’ मात्र सुधारावं लागलं: मुझे जाना चाहिए.

नाकातला अनुस्वार

हे माझ्या लगेच लक्षात आलं, कारण मराठी विद्यार्थ्यांत ते मी नेहमी शोधतेच. हिंदीत लिहायचं ‘वह’ आणि ‘वे’, पण बोलताना बहुतेक लोक दोन्हीला ‘वो’ म्हणतात. ‘यह’ आणि ‘ये’ दोन्ही ‘ये’. मग एकटा की अनेक, साधा की आदराचा, हे बऱ्याचदा शेवटच्या ‘है’ आणि ‘हैं’वरून कळतं. ‘वो बीमार है’ आणि ‘वो बीमार हैं’ ह्यात फरक फक्त नाकातून काढलेल्या स्वराचा. आपण ‘केलं’वर अनुस्वार देतो, पण उच्चारताना तो नाकात जात नाही, नुसता ‘अ’ लांबतो. त्यामुळे मराठी कान हा फरक सोडून देतो आणि मराठी जीभ ‘मैं’चं ‘मइ’ करते. तिने ‘है-हैं’, ‘थी-थीं’, ‘आई-आईं’ अशा जोड्या नाक चिमटीत धरून म्हटल्या. चिमटीने आवाज बदलला तर स्वर नाकातून येतोय हे कळतं. आजींबद्दल ‘सो रही हैं’ नीट आलं तेव्हा तिच्या बोलण्यातला आदर ऐकू येऊ लागला. ‘आप’ने अर्धं काम केलं होतं, अर्धं ह्या अनुस्वाराने.

अपना

हे अजून चालू आहे. मराठीत ‘मी माझं काम केलं’ हे उत्तम वाक्य आहे. हिंदीत कर्त्याची स्वतःची वस्तू असेल तर ‘अपना’ लागतो: मैंने अपना काम किया. ती ‘मैंने मेरा काम किया’ म्हणते, आणि मी ते सध्या सोडून देते, कारण अर्थ बिघडत नाही. तिसऱ्या माणसाबद्दल मात्र सोडत नाही. ‘डॉक्टर साहब ने उनकी फ़ाइल रख दी’ म्हटलं की फाइल दुसऱ्या कुणाची तरी झाली. ‘अपनी फ़ाइल’ म्हटलं तर डॉक्टरांची स्वतःची. वॉर्डात ह्या फरकाने फाइल शोधत फिरायची पाळी येते, आणि ती एकदा आलीही. तेव्हापासून तिला मी एक आधार दिला आहे: मराठी वाक्यात ‘स्वतःचा’ घालून बघ, अर्थ तोच राहिला तर हिंदीत ‘अपना’ घे. तिसऱ्या पुरुषात तिचं बहुतेक आता बरोबर येतं, घाई असली की चुकतं.

इन्चार्ज सिस्टरकडून तक्रारी थांबल्या आहेत. ओव्हर अजून थोडी अडखळत देते, पण बेड नंबर आणि ‘उन्होंने’ जागेवर असतात. पुढच्या टप्प्यात ‘जो’ घेणार आहोत. ज्याला, ज्याचा, ज्यांनी ह्यांवरून जिसको, जिसका, जिन्होंने तिने स्वतःच तयार करून पाठवले, सामान्यरूपाच्या त्याच रेघेने फोडून. ‘जिनको बुखार है, उनकी लिस्ट अलग है’ हे तिचं वाक्य मला दुरुस्त करावं लागलं नाही.